डावा गाल, उजवा गाल आणि पाच गाड्या

पांढऱ्या गाडीच्या बोनेटवर एक डाग राहिला होता. शेडबाईने फडकं घेऊन तो पुसला, गेला नाही. पॉलिश लावून घासला, तरी गेला नाही. चांगला पाव तास ती त्या डागाच्या हात धुऊन मागे लागली होती. शेवटी मान अवघडली म्हणून ती जरा बाजूला सरकली, तर डागही बाजूला सरकला. ती थांबली, तो थांबला. तिने जीभ बाहेर काढून बघितली आणि मग तिच्या लक्षात आलं की गाडी बिचारी धुतल्या तांदळासारखी आहे. बोनेटमध्ये तिचा स्वतःचा चेहरा दिसत होता आणि डाग गालावर होता. दुसरा गाल फिरवून बघितला. तिथेही एक होता.

"मालक," तिने हाक मारली, "गाडी तयार आहे. मी नाही."

गाड्यांना रंग देण्याच्या त्या वर्कशॉपमध्ये तिला सगळे शेडबाई म्हणत. कुणी गाडी खांबाला घासून आणायचं, कुणी फाटकाला, एक गृहस्थ तर स्वतःच्याच दुसऱ्या गाडीवर आपटून दोन्ही घेऊन आले होते. पोचे काढायला दुसरी माणसं होती. पण खरडलेल्या जागी बसवायचा रंग बाकीच्या गाडीशी असा जुळला पाहिजे की गाडी कुठे ठोकली होती ते ठोकणाऱ्यालाही आठवू नये, हे काम शेडबाईचं. पांढऱ्या रंगाचे एकशे चाळीस प्रकार ती नुसत्या नजरेने ओळखायची. घरी दुधात पाणी जास्त पडलं की तिला चव घ्यावी लागत नसे, दारातूनच कळायचं.

अशा बाईच्या चेहऱ्यावर दोन शेड! एखाद्या शिंप्याने उसवलेल्या बाहीने हिंडावं तशी ही नाचक्की होती.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात मालकांनी बोर्डाचं काढलं. जुना बोर्ड गंजला होता. नवा पंधरा फूट रुंद, फाटकावर, रस्त्याच्या त्या टोकावरून दिसेल असा. मालकांना कुठलीही कल्पना सुचली की ते उभे राहून बोलत, आणि त्या दिवशी ते स्टुलावर उभे होते.

"एक चकाचक गाडी. शेजारी एक माणूस. वर मोठ्या अक्षरात, 'पॅच शोधून दाखवा!' कशी आहे आयडिया?"

"माणूस कोण?" शेडबाईने विचारलं.

"तू! दुसरं कोण? अकरा वर्षं तू आत बसून रंग जुळवतेस आणि लोक मला येऊन शाबासकी देतात. मला आता लाज वाटायला लागलीय. खाली तुझं नाव, पूर्ण."

शेडबाईला एकदम ठसकाच लागला. अकरा वर्षं ती मागच्या खोलीत होती. तिने लावलेले पॅच सबंध गावभर फिरत होते आणि चांगले लागले होते म्हणूनच कुणाला दिसत नव्हते. तिच्या कामाची खूण म्हणजे खूण नसणं. आणि आता पंधरा फूट!

"पण मालक," ती गालाला हात लावून म्हणाली, "पॅच शोधून दाखवा असं लिहिणार, आणि लोकांना तो लगेच सापडणार. माझ्या तोंडावर."

मालक स्टुलावरून उतरले, जवळ आले, आणि प्रामाणिक माणूस असल्यामुळे गप्प बसले. "फोटोवाला बारा आठवड्यांनी येतोय," ते शेवटी म्हणाले. "तोवर काय होतंय बघू. नाहीच जमलं तर भाचा आहेच."

मालकांचा भाचा कोपऱ्यात बंपर पुसत होता. केस झकास, दात झकास, फोटो कुठूनही काढा झकासच यायचा. फक्त त्याला लाल, मरून आणि तपकिरी हे तिन्ही रंग एकच वाटत. एकदा त्याने राखाडी गाडीला हिरवा दरवाजा बसवला होता आणि लांब उभा राहून म्हणाला होता, "जुळला की नाही, ताई?"

तो चेहरा पंधरा फुटी बोर्डावर? शेडबाईने त्याच संध्याकाळी डॉक्टर गाठली.

सोबत नवरा होता. तो वजनकाटे दुरुस्त करायचा, त्यामुळे त्याला कुठलीही गोष्ट साधारण सांगितलेली खपत नसे.

"हे वांग आहे," डॉक्टर मॅडम म्हणाल्या. "ऊन, उष्णता, शरीरातले बदल, बरीच कारणं असतात. उन्हात काम असतं का?"

"छे. रंग बाहेर नेऊन उजेडात बघावा लागतो तेवढंच."

"दिवसातून किती वेळा?"

"चाळीसेक."

मॅडमनी लिहून घेतलं. "आणि गरम जागी?"

"अजिबात नाही. रंग वाळवायचा दिवा असतो, त्याच्यासमोर बसते फक्त."

"किती गरम?"

"पत्र्यावर हात ठेववत नाही, इतपतच."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "हे बघा. सकाळी सनस्क्रीन, दोन बोटं भरून, पूर्ण चेहऱ्याला. दुपारी परत. रात्री ही क्रीम, नुसत्या डागांवर, पातळ. बाहेर पडताना टोपी. त्या दिव्याच्या वाटेला जायचं नाही. चोळायचं नाही, घासायचं नाही, कुणी सांगितलेलं काही लावायचं नाही. आणि बारा आठवडे धीर धरायचा. एकदम गोरं करून देणाऱ्या डब्या बाजारात मिळतात, त्यांच्या नादी लागलात तर माझ्याकडे रडत यायचं नाही."

"मला गोरं व्हायचंच नाहीये," शेडबाई म्हणाली. "माझा मूळ रंग चांगला आहे. मला फक्त जुळायचंय."

"दोन बोटं म्हणजे कुणाची?" नवऱ्याने विचारलं.

"ज्याचा चेहरा त्याची," मॅडम म्हणाल्या.

त्याचं समाधान झालं नाही. घरी येऊन त्याने शेडबाईच्या दोन बोटांवरचं सनस्क्रीन नाजूक काट्यावर तोललं आणि आकडा फ्रिजवर चिकटवला. सासूबाईंनी एव्हाना लिंबू कापून ठेवलं होतं.

"चोळ, सगळं निघून जाईल," त्या म्हणाल्या.

"आई, चोळायचं नाही म्हणाल्यात."

"मग कापलेल्या लिंबाचं काय करू?"

"सरबत करा."

सासूबाईंनी सरबत केलं आणि रागारागात स्वतःच पिऊन टाकलं.

आता इथवर सगळं डॉक्टरांच्या सांगण्याबरहुकूम चाललं होतं. पण अकरा वर्षांची सवय अशी जात नाही. शेडबाईच्या धंद्यात एक नियम असतो. जुन्या गाडीच्या रंगावर उपचार करायचे तर एक भाग हात न लावता तसाच ठेवायचा. त्याला मास्टर म्हणतात. मास्टर नसेल तर आपण किती पुढे आलो, कुठे चुकलो, काही म्हणजे काही कळत नाही. सगळ्याच गाडीला एकदम हात घालतो तो अडाणी.

शेडबाई अडाणी नव्हती. तिने आरशासमोर बसून मास्किंग टेप घेतली आणि कपाळाच्या मध्यापासून नाकाच्या शेंड्यावरून हनुवटीपर्यंत सरळ पट्टी मारली. दोन्ही डाग एकाच शेडचे होते. डावा गाल कामाला घेतला. उजवा मास्टर.

नवऱ्याने फ्रिजवरचा आकडा खोडून निम्मा केला. सासूबाई उरलेल्या निम्म्याकडे बघत म्हणाल्या, "हे वाया घालवणार का?" आणि रोज सकाळी सुनेच्या उजव्या गालाच्या वाटणीचं सनस्क्रीन त्या आपल्या तोंडाला लावू लागल्या. त्या घराबाहेर आठवड्यातून एकदा पडायच्या, पण सनस्क्रीन लावून खुर्चीत अशा बसायच्या की सूर्याने यावंच एकदा.

वर्कशॉपमध्ये वाळवायचा दिवा भाच्याकडे गेला. शेडबाईच्या डोक्यावर परातीएवढी टोपी आली. आणि दर सोमवारी सकाळी, कामाला लागायच्या आधी, ती डब्यांच्या तळाशी उरलेले रंग मिसळून आपल्या डाव्या गालावरच्या डागाची हुबेहूब शेड करायची, तळहाताएवढ्या पत्र्यावर मारायची, मागे तारीख टाकायची आणि पत्रा दोरीला टांगायची. पहिला पत्रा खमंग तपकिरी होता. दुसरा तसाच. तिसराही तसाच, आणि त्या सोमवारी शेडबाई कुणाशी बोलली नाही. चौथा मात्र एका केसाने फिका होता! तिने तो उन्हात धरला, सावलीत धरला, परत उन्हात धरला, मग टोपीची आठवण होऊन आत पळाली.

"भाच्या! इकडे ये! हे दोन पत्रे बघ. काय फरक दिसतो?"

भाच्याने पाच मिनिटं दोन्ही निरखले. "ह्याला भोक मधोमध आहे, त्याला जरा कडेला."

"जा तू."

पण तिचे पाय जमिनीवर नव्हते. पाचवा आणखी फिका, सहावा त्याहून, सातव्याला तर ती मालकांना हाताला धरून दोरीजवळ घेऊन आली. तिथे तिच्या डाव्या गालाचा सबंध इतिहास वाऱ्यावर खुळखुळत होता. मालक लगेच स्टूल शोधायला लागले.

घरी सासूबाई जेवताना सुनेकडे एकदा डावीकडून बघत, एकदा उजवीकडून. "इकडून सून," त्या म्हणाल्या, "आणि तिकडून सुनेची थोरली बहीण. ती कधी जाणार आहे परत?"

"काम संपलं की, आई."

आठव्या आठवड्यात ती डॉक्टरकडे गेली ती विजयी मुद्रेने. डावा गाल पुढे करून बसली. मॅडम खूश झाल्या. "वा! उत्तम उतार आहे. दुसरा दाखवा."

शेडबाईने अभिमानाने दुसरा दाखवला.

मॅडमनी खुर्ची पुढे ओढून बघितलं. एकदा डावा, एकदा उजवा, मग नाकावरची सीमारेषा. "हे काय केलंत तुम्ही?"

"तो मास्टर आहे."

"काय आहे?"

शेडबाईने सगळं समजावून सांगितलं, टेपसकट. मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. तरी समोर तेच दिसत होतं.

"अहो बाई, चेहरा काय, गाडी आहे का? एकच चेहरा आहे, दोन्ही बाजूंनी तुमचाच! आता उजव्याला पहिल्यापासून बारा आठवडे. आजपासून सुरू करा."

बारा! फोटोला राहिले होते चार. हिशेब करायला नवऱ्याच्या काट्याची गरज नव्हती. एक गाल बोर्डाला लायक आणि दुसरा जसाच्या तसा. शेडबाई चालत वर्कशॉपला परत निघाली आणि वाटेत दिसणाऱ्या प्रत्येक बोर्डावर तिला भाच्याचे दात दिसू लागले. इतकं करून शेवटी हेच. निदान आज दुपारचं सनस्क्रीन तरी दोन्हीकडे लावू, म्हणून फाटकापाशीच तिने पर्समधली ट्यूब काढली आणि झाकण उघडलं.

तेवढ्यात आतून भाचा धावत आला. "ताई, बेकरीवाले काका आलेत! तुझ्या गालाच्या प्रेमात पडलेत!"

बेकरीवाले काका म्हणजे मोठी असामी. त्यांच्या पाच माल पोचवणाऱ्या व्हॅन होत्या, पाचही पांढऱ्या, पाचही खरडलेल्या. ते दोरीजवळ उभे होते आणि पहिला पत्रा त्यांनी दोन्ही हातांत असा धरला होता जसं नुकतं जन्मलेलं मूल धरतात.

"हा रंग कुणी केला?" त्यांनी विचारलं.

"मी. पण तो रंग नाहीये, काका. ते दुखणं आहे."

"बाई, मी चाळीस वर्षं बिस्किटं भाजतोय. बिस्किटाच्या कडेला एक रंग येतो. एक मिनिट आधी काढलं तर कच्चं, एक मिनिट नंतर काढलं तर करपलं. मधल्या त्या क्षणाला जो रंग असतो ना, तो हा! मी चार रंगाऱ्यांना सांगून थकलो. कुणी चॉकलेटी दिला, कुणी मातकट दिला, एकाने तर विटेचा दिला. मला माझ्या गाड्या ह्या रंगात पाहिजेत. पाचही!"

मालक स्टुलावर कधी चढले ते कुणाला कळलंच नाही.

"उद्या सकाळी पहिली व्हॅन पाठवतो," काका म्हणाले. "पण हाच. ह्याच्या उजवीकडे नाही, डावीकडे नाही. उद्या येऊन मी स्वतः बघणार." त्यांनी पत्रा भाच्याच्या हातात दिला. "जपून ठेव रे हा."

भाचा जबाबदार माणूस होता. एवढी महत्त्वाची वस्तू धुळीने माखलेली त्याला बघवली नाही. काकांना फाटकापर्यंत सोडून शेडबाई परत आली तेव्हा त्याने पत्रा थिनरमध्ये बुडवून, घासूनपुसून, आरशासारखा लख्ख करून टेबलावर ठेवला होता.

"बघ ताई," तो म्हणाला, "नव्यासारखा."

शेडबाईने पत्रा उचलला. त्यात तिचा चेहरा दिसत होता.

"रंग कुठाय?"

"कसला रंग?" भाच्याने विचारलं आणि मग त्याच्या स्वतःच्याच चेहऱ्याचा रंग गेला. तो मात्र सगळ्यांना दिसला.

दुसरा आणि तिसरा पत्रा तरी? तिने धावत जाऊन दोरी बघितली. दोरीवर उरलेले सातही पत्रे लख्ख होऊन खुळखुळत होते. भाच्याने कामात हयगय केली नव्हती. "म्हटलं एकच चमकतोय, बरं दिसणार नाही," तो पुटपुटला.

"कृती असेल ना लिहिलेली?" मालकांनी विचारलं. ते एक पाय स्टुलावर आणि एक जमिनीवर असे अडकले होते. "कुठला रंग किती घातला?"

"मालक, गिऱ्हाइकाची गाडी असती तर लिहिली असती. स्वतःच्या गालाची चिठ्ठी कोण करतं? उरलंसुरलं घेतलं, नजरेने जुळवलं, मारलं. आता काही झालं तरी तो रंग..."

बोलता बोलता ती थांबली. हातात अजून ती ट्यूब होती, झाकण उघडं. लावायची राहून गेली होती. तिने सावकाश मान वळवली आणि लख्ख पत्र्यात आपला उजवा गाल बघितला.

"मास्टर!" ती इतक्या जोरात ओरडली की मालक शेवटी स्टुलावरून पडले. "मालक, मास्टर आहे! मास्टर शाबूत आहे!"

मग जी धांदल उडाली ती विचारू नका. नवऱ्याला फोन गेला, तो नाजूक काटा छातीशी धरून धावत आला. शेडबाई खिडकीजवळ स्वच्छ उजेडात बसली, ऊन अंगावर न घेता. नवरा रंग तोलून देई, ती मिसळे, भाचा पत्र्यावर मारून वाळवे आणि तिच्या उजव्या गालाजवळ धरे.

"पिवळा जास्त झाला. तीन थेंब काळा."

"थेंब सांगू नकोस, ग्रॅम सांग," नवरा म्हणाला.

"तुझा जीव जाईल इतका कमी."

"म्हणजे पॉइंट एक." त्याने तोलला आणि कृती वहीत लिहिली. ह्या वेळी सगळं वहीत लिहिलं जात होतं.

नवव्या पत्र्यानंतर भाचा हळूच म्हणाला, "ताई, एक सांगू? मला रंग कळत नाहीत."

"मला माहीत आहे रे."

"मामाला माहीत नाही. त्याला वाटतं मी आळशी आहे. बोर्डावर माझा फोटो लागला ना, तर लोक मलाच येऊन रंग विचारतील. मला झोप नाही आठ आठवडे. मी रोज मनातल्या मनात तुझ्या गालाला शुभेच्छा देतो."

शेडबाईने त्याच्याकडे बघितलं. इतके दिवस ज्याच्याशी शर्यत लावली, तो पठ्ठ्या तिच्याच बाजूने पळत होता. "धर तो पत्रा नीट," ती म्हणाली. "आणि मामाला मी सांगते."

तिने सांगितलं. मालक कंबर चोळत म्हणाले, "म्हणजे तो हिरवा दरवाजा...?" आणि बराच वेळ भाच्याच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. स्टुलावर नाही, जमिनीवर.

सतरावा पत्रा जुळला. गालाजवळ धरला तर पत्रा कुठे संपतो आणि डाग कुठे सुरू होतो ते भाच्याला दिसलं नाही, पण तो काही पुरावा नव्हता. नवऱ्यालाही दिसलं नाही. आणि शेडबाईला दिसलं नाही, तेव्हा काम संपलं. त्याच रात्री तिने आरशासमोर बसून पहिल्यांदा उजव्या गालाला क्रीम लावली. सासूबाई दारात उभ्या होत्या. "निघाली वाटतं बहीण," त्या म्हणाल्या. "बरी होती तशी. गप्प असायची."

सकाळी काका एक बिस्किट घेऊन आले. पत्रा बघितला, बिस्किट धरलं, मान हलवली. मग काय मनात आलं कोण जाणे, त्यांनी बिस्किट शेडबाईच्या उजव्या गालाजवळ नेलं, डोळे बारीक केले आणि त्यांना सगळा उलगडा झाला.

"अच्छा," ते अदबीने म्हणाले. "मूळ प्रत इथे आहे होय!"

चौथ्या दिवशी पहिली व्हॅन रंगाच्या बूथमधून बाहेर आली आणि रस्त्यावरची माणसं थांबून बघू लागली. मालकांना धीर निघेना. "चार आठवडे कोण थांबतंय? फोटोवाल्याला आत्ता बोलवा!"

"आत्ता?" शेडबाईने उजव्या गालावर हात ठेवला. उजव्या गालाला औषध लागून मोजून चार रात्री झाल्या होत्या.

फोटोवाला आला, त्याने तिला व्हॅनशेजारी उभं केलं, आणि दोन्ही गाल बघून तो सराईतपणे म्हणाला, "मॅडम, डावी बाजू द्या. उजवी व्हॅनकडे लपेल. नाहीतर समोरून काढतो आणि डाग कॉम्प्युटरवर काढून टाकतो. एका मिनिटाचं काम."

सगळे तिच्याकडे बघत होते. मालक, नवरा, काका, आणि ह्या निमित्ताने सनस्क्रीन लावून खास बाहेर पडलेल्या सासूबाई. शेडबाई डावी बाजू द्यायला वळली. आठ आठवडे सगळं ह्याच फोटोसाठी तर चाललं होतं. वळता वळता तिची नजर व्हॅनच्या दरवाजावर गेली. काय जुळला होता तो! अकरा वर्षांत असा जुळला नव्हता. आणि तो कशाशी जुळलाय, तेच लपवायचं? हा कुठला धंदा झाला?

"डाग काढू नका," ती म्हणाली. "काढलात तर व्हॅनचा रंग कशावरून बरोबर, ते कुणाला कळणार?"

ती व्हॅनला खेटून उभी राहिली, मान कलती केली आणि उजवा गाल दरवाजाच्या अगदी जवळ आणून सरळ कॅमेऱ्यात बघितलं. फोटोवाल्याने डोळा लावला, काढला, परत लावला.

"अहो, गंमतच आहे," तो म्हणाला. "डाग दिसतच नाही. म्हणजे दिसतो, पण... व्हॅन थोडी तुमच्या गालावर आल्यासारखी वाटते. कड कुठाय?"

"कड नाही," शेडबाई म्हणाली. "शोधून दाखवा."

मालकांनी चारी दिशांना बघितलं. भाच्याने न सांगता स्टूल आणून दिलं.

बोर्ड दोन आठवड्यांत लागला. पंधरा फूट, खाली तिचं नाव, पूर्ण. लोक फाटकासमोर थांबून व्हॅनचा दरवाजा इंच इंच तपासायचे, बंपर तपासायचे, पॅच सापडत नाही म्हणून पैजा हरायचे. गालाकडे कुणी बघायचं नाही. सासूबाई मात्र खुर्ची टाकून पाच मिनिटं बोर्डाखाली बसून आल्या आणि म्हणाल्या, "दोघी छान आल्यात."

एकेक करत पाचवी व्हॅन रंगून जायला तीन महिने लागले. त्याच्या नंतरच्या आठवड्यात फाटकात एक पांढरी गाडी शिरली. आतून डॉक्टर मॅडम उतरल्या. गाडी दवाखान्याच्या भिंतीला घासली होती. त्यांनी आधी बोर्डाकडे बघितलं, मग शेडबाईच्या गालांकडे.

"दोन्ही गालांना लावताय ना?" एवढंच विचारलं.

"दोन्हीला. सकाळ, दुपार, रात्र."

"दिवा?"

"भाचा बघतो."

मॅडमनी तिची हनुवटी धरून चेहरा डावीकडे वळवला, उजवीकडे वळवला. अगदी पुसून गेला नव्हता डाग, पाव शेडचा फरक होता. पण तो आता शेडबाईलाच दिसला असता, आणि तिला तर दुधातलं पाणीही दिसायचं. "औषध कमी करू," मॅडम म्हणाल्या. "सनस्क्रीन मात्र सोडायचं नाही."

संध्याकाळी गाडी तयार झाली. शेडबाईने शेवटचं फडकं मारलं आणि बोनेटवर वाकली. पाहते तर काय, डाग!

ती श्वास रोखून डावीकडे सरकली. डाग सरकला नाही. उजवीकडे सरकली. डाग जागचा हलेना. खात्री करायला तिने जीभ बाहेर काढली. डागाने काही केलं नाही.

गाडीचाच होता! साधा, ओला, बोटाएवढा पॉलिशचा डाग!

"मालक!" ती वर्कशॉप दणाणून सोडत ओरडली. "मी तयार आहे! गाडी नाही!"

आणि फडकं घेऊन, जन्मात कुठला डाग पुसला नसेल इतक्या आनंदाने, तिने तो पुसून टाकला.